एका एंजिनाची कुळकथा

ऐतिहासिक लेख म्हटला, की वाचक एखादी बखर, एखादी सनद, निदानपक्षी एखादा तह तरी अपेक्षितो. बत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या माणसाकडून तर ती अपेक्षा रास्तच म्हणायला हवी. परंतु यंदा ज्या घराण्याची कुळकथा मी सांगणार आहे त्यात राजा नाही, प्रधान नाही, दत्तकविधान मात्र भरपूर आहे. आमच्या रहिमतपूरच्या वाड्याच्या पडवीत लाकडी ठोकळ्यांवर एक ओतीव लोखंडाचे एंजिन बसवून ठेवलेले आहे. अंगणापलीकडच्या गोठ्यात, जिथे माझ्या लहानपणी चार बैल बांधलेले असत, तिथे एक लाल रंगाची, दोन माणसांची, बसकी मोटार उभी आहे आणि तिच्या पोटात दुसरे एंजिन आहे. दोन्ही एंजिने एकाच वंशातली. या मोटारीवर खरा हक्क त्यांपैकी कोणाचा, यावरून आमच्या घरात काही वर्षे वाद चालला आहे. भाऊबंदकीचे दावे आमच्या भागाला नवे नाहीत. लोखंडाच्या भाऊबंदकीचा हा बहुधा पहिलाच असावा.

गावाबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. रहिमतपूर हे सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातले जुने कसब्याचे गाव. नाटककार वसंत कानेटकर यांचा जन्म इथला, १९२० सालचा, एवढे तरी वाचकांना ठाऊक असेल. पुणे-मिरज लोहमार्गावर आमचे स्टेशन आहे. औंध संस्थान होते त्या काळी औंधास जाणारे पाहुणे याच स्टेशनावर उतरत. गावात रणदुल्लाखानाच्या नावाची मशीद आणि कबर आहे. रणदुल्लाखान हा विजापूरच्या महंमद आदिलशहाचा मातबर सरदार. शहाजीराजे कर्नाटकाच्या मोहिमेवर गेले ते त्याच्याबरोबर. या मशिदीजवळ एक चमत्कारिक मनोरा असल्याची नोंद १८८५ सालच्या सातारा गॅझेटिअरात आहे. उंची सुमारे ५० फूट, पश्चिमेच्या अंगाला उतरण, आणि उपयोग काय, तर हत्तीकडून पाणी उपसून मशिदीतल्या कारंजाला पुरवायचे! वर्गात हा मनोरा सांगताना मी मुलांना विचारीत असे, “या यंत्राचे एंजिन कोणते?” मुले क्षणभर गोंधळत आणि मग एकदम ओरडत, “हत्ती!”

आमच्या भागात एंजिन हा शब्द रस्त्यावरून आला नाही, विहिरीवरून आला. रहिमतपुराहून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत बसले, की याच लोहमार्गावर पुढे किर्लोस्करवाडी लागते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे कारखाना उभा केला आणि तिथल्या लोखंडी नांगरांनी या पट्ट्यातली जमीन उलथली. पुढे १९४६ साली पुण्यात किर्लोस्करांचा ऑइल एंजिनांचा कारखाना निघाला. त्यातले एक एंजिन आमच्या विहिरीवर आले आणि मोटेचे बैल मोकळे झाले. नंतर वीज आली तेव्हा ते एंजिनही गेले. या एंजिनांवर हात काळे करून आमच्या गावात मेस्त्र्यांची एक पिढी तयार झाली. त्यांतला एक मेस्त्री या गोष्टीत पुढे येणार आहे.

मोटार आणली ती आबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी. साल १९६८. आबा कामानिमित्त मुंबईला जात आणि दरवेळी काहीतरी अनावश्यक वस्तू घेऊन येत. एकदा दुर्बीण, एकदा इटालियन एकॉर्डियन. त्या खेपेला ते मोटार घेऊन आले. एम्. जी. ए., १९५७ सालची, कोणा परदेशी कंपनीतल्या साहेबाने मायदेशी जाताना विकलेली. किती रुपयांस घेतली हे त्यांनी आजीला शेवटपर्यंत सांगितले नाही. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. वेशीतून ती आत आली तेव्हा आम्हां पोरांना पहिला प्रश्न पडला, की हिला दाराची मूठ कुठे आहे? बाहेरून मूठच नव्हती. आत हात घालून एक दोरी ओढायची, की दार उघडे. खिडक्यांना काचा नाहीत, पावसात कापडी पडदे लावायचे. आणि पायाखालची जमीन चक्क लाकडाच्या फळीची! आजीने हे सगळे पाहून घेतले आणि म्हणाली, “एवढं पैसं दिलं आन् खाली लाकूडच? मग आपली छकडी काय वाईट हुती?”

आजीचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हता. एम्. जी. हे नाव मुळात ‘मॉरिस गॅराजेस’ या शब्दांची आद्याक्षरे, आणि मॉरिस गॅराजेस म्हणजे इंग्लंडातल्या ऑक्सफर्ड गावी विल्यम मॉरिसचे मोटारी विकण्या-दुरुस्त करण्याचे दुकान. सेसिल किंबर हा तिथला व्यवस्थापक. १९२० नंतरच्या दशकात या गृहस्थाला कल्पना सुचली, की मॉरिसची साधीसुधी, डॉक्टर-पाद्री वापरतात तसली मोटार घ्यावी, तिच्यावर देखणे अंग चढवावे, एंजिनाला थोडी चेतना द्यावी आणि तरुण पोरांना विकावी. म्हणजे ज्या मोटारीला आज लोक खानदानी म्हणून डोक्यावर घेतात तिचा जन्मच दुसऱ्याच्या एंजिनातून झाला. १९२९ साली कारखाना ॲबिंग्डनला गेला आणि १९८० साली बंद पडेपर्यंत तिथेच राहिला. या उभ्या काळात साध्या मोटारींचे एंजिन घेऊन त्याला पळायला शिकवणे हीच त्या घराण्याची वहिवाट होती. किंबर बिचारा १९४५ च्या फेब्रुवारीत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनाजवळ झालेल्या रेल्वे अपघातात गेला. ज्याने आयुष्यभर लोकांना वेगाचे वेड लावले तो जवळजवळ रेंगाळत चाललेल्या आगगाडीत मरावा, याला काय म्हणावे?

१९५२ साली ऑस्टिन आणि मॉरिस हे दोन हाडवैरी कारखाने एक झाले आणि ब्रिटिश मोटार कॉर्पोरेशन जन्माला आली. लग्नात सुनेने माहेरची भांडी आणावीत तसे ऑस्टिनने आपले एंजिन या घरात आणले. त्याचे नाव ‘बी’ मालिका. चार सिलिंडर, १४८९ सी. सी., ओतीव लोखंडाचे, वजनदार, कष्टाळू. त्याच्या झडपांच्या डोक्याची रचना हॅरी वेस्लेक या तज्ज्ञाची. ज्या पोकळीत पेट्रोलचा भडका होतो तिला त्याने बदामाचा आकार दिला, पत्त्यांत असतो तो बदाम. हा बदाम वाचकांनी लक्षात ठेवावा.

एम्. जी. ए. मोटारीची परीक्षा झाली तीही विलक्षण प्रसंगी. बाजारात येण्याआधी, १९५५ च्या जूनमध्ये, तिच्या तीन नमुना-मोटारी फ्रान्समधल्या ल मॉं इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरल्या. त्याच शर्यतीत एक मर्सिडीज मोटार उसळून प्रेक्षकांत घुसली आणि ८० हून अधिक माणसे प्राणास मुकली. मोटारींच्या शर्यतीच्या इतिहासात एवढा भयंकर अपघात दुसरा नाही. त्याच संध्याकाळी एम्. जी. च्या तिघांपैकी एक मोटार उलटून तिचा चालक जबर जखमी झाला. उरलेल्या दोन मोटारी रात्रभर धावत राहिल्या आणि बाराव्या व सतराव्या आल्या. सप्टेंबरात मोटार जगापुढे आली. १९६२ पर्यंत एक लाखाहून अधिक मोटारी निघाल्या आणि त्यांतल्या बहुतेक परदेशी, विशेषतः अमेरिकेला गेल्या. हिंदुस्थानात येणाऱ्या विरळाच, कारण आपल्याकडे तोवर मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध आले होते. मुंबईत १९२८ पासून मोटारी जुळवणाऱ्या जनरल मोटर्सनेही १९५४ साली आपले काम गुंडाळले होते. मोटार मिळणे कठीण, आणि तिचे सुटे भाग मिळणे त्याहून कठीण.

त्या सुट्या भागांनीच आबांचा घात केला. खरे सांगायचे तर आबांनी स्वतःच केला. १९७२ च्या मे महिन्यात ते साताऱ्याहून पुण्याला निघाले होते. रेडिएटरच्या रबरी नळीला चीर पडली होती, ती त्यांनी चिंधी गुंडाळून बांधली. खंबाटकीच्या चढावर चिंधी सुटली, पाणी गेले, आणि आबा “माथा आलाच” असे स्वतःला सांगत चढत राहिले. मोटार जागच्या जागी थांबली तेव्हा बॉनेटमधून ऊन वाफा येत होत्या. आबांनी एका ट्रकवाल्याकडून पखालीतले गार पाणी मागून घेतले आणि तापलेल्या एंजिनावर ओतले. देवळातली घंटा तडकावी तसा टण्णकन आवाज झाला. एंजिनाचा ओतीव ठोकळा वरून खालपर्यंत चिरला होता. मोटार ट्रकमध्ये चढवून परत आणली गेली. ते मूळ एंजिन, ॲबिंग्डनहून आलेले, नंबर कोरलेले, पुढे वजनावर मोडीत गेले. त्या दुष्काळी वर्षात मोडीला तरी भाव होता.

इथे मेस्त्री येतो. तेव्हा तो पंचविशीतला, विहिरीची एंजिने खोलणारा, मोटारींचे नुकतेच शिकू लागलेला पोरगा. साताऱ्यात अपघातात चेपलेली एक ॲम्बॅसिडर त्याने पाहून ठेवली होती. तिचे एंजिन तो बैलगाडीत घालून आमच्या अंगणात घेऊन आला, त्याचे डोके उतरवले, आणि आमच्या फुटक्या एंजिनाचे उतरवलेले डोके शेजारी उपडे ठेवले. तो प्रसंग मला काल घडल्यासारखा आठवतो. तो उकिडवा बसला, बोटाने एका पोकळीची कड गिरवली, मग दुसऱ्या पोकळीची, आणि म्हणाला, “आबासाहेब, ह्ये तर सख्खं भाऊ हायेत. दोघांच्या बी काळजात बदाम!”

त्याने हॅरी वेस्लेकचे नाव ऐकलेले नव्हते. पण नाते त्याने बरोबर ओळखले. ॲम्बॅसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रजी मोटारीची हिंदी आवृत्ती. १९४२ साली ओख्याला स्थापन झालेली हिंदुस्थान मोटर्स कंपनी पुढे बंगालात उत्तरपाड्याला गेली आणि तिथे १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ही मोटार निघू लागली. आरंभी तिच्यात जुन्या पद्धतीचे, बाजूला झडपा असलेले एंजिन होते. लवकरच त्याच्या जागी आले ते १४८९ सी. सी. चे ‘बी’ मालिकेतले एंजिन. तोच ठोकळा, तोच साडेतीन इंचांचा दट्ट्याचा फेरा. एम्. जी. ए. मध्ये त्याला दोन कार्ब्युरेटर लावून, थोडे अधिक दाबाचे करून ७२ अश्वशक्ती काढलेली. ॲम्बॅसिडरमध्ये एकच कार्ब्युरेटर आणि पन्नाशीच्या घरातली शक्ती. एक भाऊ विलायतेत राहून शर्यती खेळला, दुसऱ्याने इथे मंत्री वाहिले, वऱ्हाडे वाहिली, टॅक्सी चालवली. पुढे याच कुळातले डिझेलचे एंजिनही ॲम्बॅसिडरमध्ये आले.

मेस्त्र्याने ॲम्बॅसिडरच्या एंजिनाला एम्. जी. ची मागची पाटी आणि दोन्ही कार्ब्युरेटर लावले. सहा आठवडे लागले. मोटार चालू झाली तेव्हा आवाज तोच, नुसता जरा घोगरा. वेग कमी झाला, पण आबांचे वयही वाढले होते. सरकारी पुस्तकात नव्या एंजिनाचा नंबर चढला. एम्. जी. म्हणून मिरवणाऱ्या मोटारीत टॅक्सीचे एंजिन बसवले म्हणून सातारच्या क्लबात आबांची थट्टा झाली आणि ते घरी येऊन दोन दिवस घुम्म बसले. तेव्हा आजी म्हणाली, “हिरीवर मोट हुती, मोट गेली, विंजान आलं. हिरीचं नाव कुणी बदाललं का?” आबा हसले आणि तिसऱ्या दिवशी तिला त्याच मोटारीतून औंधच्या यमाईला घेऊन गेले. आजीने डोक्यावरचा पदर दातांत धरून ठेवला होता.

या एंजिनावर मोटार पंधरा वर्षे धावली. माझ्या लग्नाची वरात तिच्यातून निघाली. १९८७ साली आबांच्या डोळ्यांना दिसेनासे झाले आणि मोटार गोठ्यात गेली. आबा गेले, बैल तर आधीच गेले होते. कोंबड्यांनी तिच्या आसनांवर अंडी घातली. तीस वर्षे गेली.

२०१७ साली आबांचा नातू, माझा पुतण्या, मोटारीच्या कामाला लागला. तो पुण्याला एका कारखान्यात इंजिनिअर आहे आणि दर शनिवारी रहिमतपुराला येई. त्याची चिकाटी मी पाहिली आहे, म्हणून त्याच्याशी माझे जे मतभेद आहेत ते सांगण्याआधी त्याला श्रेय देऊन टाकतो. सांगाड्याचा पोलाद गंजून पापड झाला होता, तो त्याने तुकड्या-तुकड्याने कापून नवा जोडला. खालच्या फळ्या गावच्या सुताराने करून दिल्या, आणि सुतार म्हणाला, की मोटारीत काम केले असे मी आता पाहुण्यांना सांगू शकतो. विजेच्या जोडणीने मात्र सगळ्यांना रडवले. या मोटारीत पाठीमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि आजच्या रीतीच्या उलट तिचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. मदतीला बोलावलेल्या एका वायरमनने ते ‘सुधारून’ दिले, आणि एका संध्याकाळी गोठ्यातून निळा धूर निघाला.

एंजिनाच्या वेळी पुतण्याने निर्णय घेऊन टाकला होता. त्याने इंग्लंडहून जुने, पण नीट केलेले एम्. जी. बी. चे एंजिन मागवले. एम्. जी. बी. ही एम्. जी. ए. ची धाकटी बहीण, १९६२ सालची. एंजिन १७९८ सी. सी., ९५ अश्वशक्ती. परंतु कुळ तेच. इथे मला थोडे गणित सांगावेसे वाटते, कारण ते मला स्वतःला फार आवडले. दट्ट्याचा फेरा तोच, ८८.९ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेतीन इंच. (साडेतीन मुहूर्त, साडेतीन पीठे, हा आकडा आपल्याला परका नाही.) बदलली ती फक्त सिलिंडरची रुंदी. १४८९ च्या एंजिनात ती ७३ मिलिमीटर होती, मग ७५.४ केली, मग ७६.२, आणि शेवटी ८०.२६. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळा फरक सव्वासात मिलिमीटरांचा, बोटाच्या पेरापेक्षाही कमी. त्यातून तीनशेहून अधिक सी. सी. मिळाले. भाकरी तीच, तवा तेवढा मोठा.

कारखान्याने स्वतःही सावधपणे पावले टाकली होती असे मात्र नव्हे. १९५८ साली ॲबिंग्डननेच याच मोटारीत दोन कॅमशाफ्टचे, १०८ अश्वशक्तीचे एंजिन बसवले. भरधाव मोटार, पण पिस्टन जळून भोके पडू लागली आणि गिऱ्हाइके बोटे मोडू लागली. २१११ मोटारी काढून १९६० साली तो नाद सोडावा लागला. उलट उदाहरणेही आहेत. सनबीम अल्पाइन या गरीब गाईच्या पोटात १९६४ साली अमेरिकन फोर्डचे आठ सिलिंडरांचे एंजिन घातले आणि तिचे नाव टायगर झाले. एम्. जी. बी. च्या बंदिस्त मोटारीला १९७३ साली रोव्हरचे आठ सिलिंडरांचे एंजिन मिळाले, आणि ते रोव्हरचे तरी कुठले, अमेरिकेतल्या ब्यूइकने टाकून दिलेले. दत्तकविधान भरपूर आहे असे मी आरंभी म्हटले ते यासाठी.

नवे एंजिन बसले, पण एक बदल दुसऱ्याला घेऊन आला. नव्या एंजिनाच्या ठोकळ्यात फेरे मोजणाऱ्या काट्याची तार जोडायला जागाच नाही. पुढच्या काळात तो काटा विजेवर चालू लागला म्हणून कारखान्याने ते भोक बुजवून टाकलेले. तेव्हा आबांच्या डोळ्यांसमोर ज्या तबकडीचा काटा थरथरत असे, तो आता शून्यावर पडून असतो. जानेवारी २०२० मध्ये पुण्याहून येताना आम्ही दोघे जुन्या खंबाटकी घाटातून चढलो. आबांचे एंजिन चिरले त्याच घाटात मोटार तिसऱ्या गिअरवर गुणगुणत वर गेली आणि मला, कबूल केले पाहिजे, गहिवरून आले. उतारावर मात्र गहिवर ओसरला. १९५७ च्या मोटारीला चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रमचे ब्रेक असतात. ते ७२ अश्वशक्तीसाठी केलेले. अर्ध्या उतारावर करपलेला वास येऊ लागला, पाय दाबावा तर पायाखाली लोण्यासारखे लागे. सुरूरला पोहोचेपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्यानंतर पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले. मग तेलाच्या नळ्या बदलल्या, कारण पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढत चालले होते आणि २०२५ पर्यंत ते देशभर शेकडा वीस झाले. जुन्या रबराला ते मानवत नाही. ते इथेनॉल काही अंशी उसाचे, आणि ऊस आमच्याच सातारा-सांगलीच्या मळ्यांतला. म्हणजे आमच्याच शिवारातला रस आमच्याच मोटारीला बाधतो!

आता वादाकडे येतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पुरातन वाहनांसाठी नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या दुचाकी-चारचाकीला ‘व्हिंटेज’ म्हणून मान्यता मिळते. नव्या नोंदणीला ‘व्ही ए’ ही खास अक्षरे मिळतात, आधी नोंदलेल्या वाहनाला आपला जुना नंबर ठेवता येतो. अट एवढीच, की वाहन मूळ स्वरूपात असावे. सांगाडा, अंग वा एंजिन यांत भारी फेरफार झालेला नसावा. आणि मान्यता मिळाल्यावर ते वाहन प्रदर्शन, संशोधन, जुन्या मोटारींचा मेळावा, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतेच रस्त्यावर आणता येते. रोजच्या कामाला नाही.

नियम वाचून मी इतिहासाच्या मास्तरासारखा खूश झालो. शेवटी कोणीतरी मूळ प्रतीची किंमत ओळखली! पण आमच्या मोटारीला तो लावू गेलो आणि बुद्धी चक्रावली. मूळ एंजिन मोडीत गेले. पुतण्याचे एंजिन अधिक चांगले, विलायती, एम्. जी. च्याच नावाचे, पण ते १७९८ सी. सी. चे, म्हणजे उघड फेरफार. पडवीतले एंजिन १४८९ चे, त्याच मापाचे, त्याच ठेवणीचे. पण त्याच्यावर नाव हिंदुस्थानचे. मुंबईहून जुन्या मोटारींचा एक दलाल आला होता. त्याने लाल मोटारीभोवती तीन फेऱ्या मारल्या, एक आकडा सांगितला, बॉनेट उघडल्यावर त्यातून बरेच कमी केले, आणि पडवीतल्या एंजिनाकडे बघून म्हणाला, “हे टॅक्सीचं एंजिन मला फुकटही नको.” त्याच्या पहिल्या आकड्यात वाड्याचे सगळे छप्पर नवे झाले असते. छप्पर गळते आहे हे सांगायला हवेच. यंदा पावसाळ्यात माझ्या पुस्तकांच्या कपाटावर ताडपत्री होती.

पुतण्या म्हणतो, काका, मोटार चालण्यासाठी असते, कागदासाठी नाही. मी म्हणतो, तुझ्या एंजिनाने आबांचा काटा बंद पाडला. तो म्हणतो, तो काटा ॲम्बॅसिडरच्या एंजिनावर तरी खरे आकडे दाखवीत होता कशावरून? हे मला निरुत्तर करणारे आहे, पण मी ते मान्य केलेले नाही. माझे मत विचाराल तर पडवीतले एंजिन परत बसवावे. त्याला दुय्यम म्हणणाऱ्या दलालाला या देशाचा इतिहास ठाऊक नाही. परदेशातून एक बोल्टही मिळत नव्हता त्या काळी इथल्या एका पंचविशीतल्या पोराने नुसत्या बोटाने नाते ओळखून ही मोटार जिवंत ठेवली. तो जोडही या मोटारीच्या चरित्राचे एक प्रकरण आहे आणि ते ल मॉंच्या प्रकरणापेक्षा आम्हांला जवळचे आहे. परंतु हेही खरे, की त्या एंजिनावर उद्या व्हिंटेजचा शिक्का मिळालाच, तर काकूला औंधाला नेता येणार नाही.

काकू म्हणजे आबांची पत्नी. वय अठ्ठ्याऐंशी. तिचे म्हणणे एवढेच आहे, “मला एकदा यमाईला न्हेऊन आणा. मग इका न्हायतर ठेवा.” यंदा नवरात्रात पुतण्याने तिला नेले, त्याच्या ९५ अश्वशक्तीवर. मी मागून रिक्षाने गेलो, कारण मोटारीत दोनच माणसे मावतात. परत आल्यावर तिने बॉनेटवर हात ठेवला आणि विचारले, “ह्येच का रे त्ये मेस्त्र्याचं?” पुतण्या माझ्याकडे बघत राहिला. मी सांगितले, की नाही, ते पडवीत आहे. “मग त्याला बी फूल वाहा दसऱ्याला,” असे म्हणून ती आत गेली.

दसऱ्याच्या सकाळी लाल मोटारीला झेंडूची माळ पुतण्याने घातली. दुसरी माळ घेऊन मी पडवीत गेलो तर मेस्त्री आधीच येऊन बसला होता, आपट्याची पाने खिशात घालून. आता त्याचे वय अठ्ठ्याहत्तर, एका डोळ्याने अधू. गेली कित्येक वर्षे दर महिन्याला येऊन तो या एंजिनाचे प्लग काढतो आणि प्रत्येक सिलिंडरात तेलाची धार सोडतो. कोणी त्याला सांगितलेले नाही, कोणी पैसे दिलेले नाहीत. मी माळ घातली, हळदकुंकू लावले. त्याने पुढच्या पुलीच्या नटाला पाना अडकवला आणि प्लगच्या भोकांवर एका हाताची बोटे पसरून ठेवली. दुसऱ्या हाताने तो पाना हळूहळू ओढू लागला. हवा त्याच्या बोटांना ढकलीत एकेका भोकातून फुसफुसत बाहेर येऊ लागली.

“मोजा, गुरुजी,” तो म्हणाला. “एक... तीन... चार... दोन.”